क्ष म्हणजे अज्ञात

फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये रोंटजेन हा माणूस फक्त दोन मार्कांचा. क्ष-किरणांचा शोध कोणी व कधी लावला? विल्हेल्म कॉनराड रोंटजेन, १८९५. संपलं! पुढचा प्रश्न. मीसुद्धा हेच लिहून दोन मार्क पदरात पाडून घेतले होते. पण मित्रांनो, आमच्या घरावर या माणसाचे जे देणे आहे ते दोन मार्कांत फिटण्यासारखे नाही. म्हणून या वर्षी मॅगझीनसाठी काय लिहू, असा प्रश्न मला पडला नाही.

आमचे गाव मसोली, डहाणूचे. घरी चिकूची छोटी वाडी. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. लहानपणापासून फिकट, जिना चढली तरी धाप लागायची. तिला थॅलेसेमिया इंटरमीडिया आहे हे ती आठ वर्षांची असताना कळले होते. हिमोग्लोबिन सातच्या आसपास असायचे. पण रक्त क्वचितच चढवावे लागे, त्यामुळे घरात सगळे तसे निर्धास्त होते. मी बारावीत असताना तिची पाठ दुखायला लागली. मग पाय जड वाटू लागले. आणि एक दिवस ती बाजारातून घरी आली ती एकाच पायात चप्पल घालून. दुसरी वाटेत कुठे निसटली हे तिला कळलेच नव्हते. आई हसली. ताई नाही हसली.

पुढे काय झाले ते सांगतोच. पण त्याआधी त्या दोन मार्कांच्या माणसाची ओळख करून घेऊ. ताईची गोष्ट त्याच्याशिवाय पुरी होत नाही.

रोंटजेनचा जन्म २७ मार्च १८४५ चा, जर्मनीतल्या लेनेप या गावातला. वडील कापडाच्या धंद्यात, आई मूळची हॉलंडची. हा एकुलता एक. तो तीन वर्षांचा असताना कुटुंब हॉलंडमध्ये आपेलडोर्नला राहायला गेले. अभ्यासात फार चमकणारा वगैरे मुळीच नव्हता. रानावनात भटकायचे आणि हाताने यांत्रिक खेळणी, उपकरणे बनवायची, हे त्याचे खरे आवडते उद्योग.

१८६२ साली तो युट्रेक्टच्या टेक्निकल स्कूलमध्ये दाखल झाला आणि तिथे त्याचे शिक्षण जवळजवळ संपलेच. वर्गातल्या कुणीतरी एका मास्तरांचे व्यंगचित्र काढले. काढणारा दुसराच होता, पण चित्रापाशी सापडला रोंटजेन. कोणी काढले त्याचे नाव सांग म्हणून दटावले, तरी याने तोंड उघडले नाही. शाळेने त्याला काढून टाकले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. नंतर बाहेरून परीक्षा देण्याचा प्रयत्न केला, त्यातही नापास. आता शाळा सोडल्याचा अंतिम दाखला नाही, म्हणजे हॉलंडमधल्या युनिव्हर्सिटीत रीतसर प्रवेश नाही. काही दिवस तो युट्रेक्टच्या युनिव्हर्सिटीत नुसता ऐकायला बसत होता. आपल्याकडे इयर डाऊन झालेली मुले मित्रांबरोबर लेक्चरला येऊन मागच्या बाकावर बसतात ना, तसा.

मग कुणाकडून तरी कळले की झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये असा दाखला नसला तरी प्रवेश मिळू शकतो. १८६५ साली तो तिथे पोहोचला, आणि ब्रँच कोणती घेतली? मेकॅनिकल! होय, फिजिक्सचे पहिले नोबेल मिळवणारा माणूस आपला, मेकॅनिकलवाला. १८६८ साली त्याला इंजिनिअरचा डिप्लोमा मिळाला. थर्मोडायनॅमिक्समध्ये ज्याच्या नावाचे विधान आपण घोकतो, तो क्लॉसियस त्या वेळी तिथे शिकवत होता. त्याची लेक्चर्स रोंटजेनने ऐकली. पुढे ऑगस्ट कुंट या प्राध्यापकाने त्याला प्रयोगशाळेत ओढले आणि यंत्रांकडून तो फिजिक्सकडे वळला. १८६९ साली वायूंवरच्या अभ्यासासाठी डॉक्टरेट मिळाली.

एवढे झाले तरी तो शाळेचा दाखला काही पाठ सोडेना. कुंटबरोबर तो १८७० साली वुर्झबर्गला गेला, तर तिथल्या युनिव्हर्सिटीने त्याला अध्यापक म्हणून घ्यायला नकार दिला. कारण तेच, शालेय शिक्षण अपुरे. डॉक्टरेट झालेल्या माणसाला हो! तो निमूटपणे कुंटबरोबर स्ट्रासबर्गला गेला. तिथे त्याला शिकवण्याची परवानगी मिळाली. मग होहेनहाइम, पुन्हा स्ट्रासबर्ग, मग गिसेन अशा गावोगावच्या नोकऱ्या झाल्या. १८८८ साली बोलावणे आले ते वुर्झबर्गहूनच, फिजिक्सचा मुख्य प्राध्यापक म्हणून. १८९४ साली तो त्याच युनिव्हर्सिटीचा रेक्टर झाला.

दरम्यान १८७२ साली त्याचे लग्न झाले होते. बायको आना बर्था, झुरिकमधल्या एका खानावळवाल्याची मुलगी. त्यांना मूल झाले नाही. बर्थाच्या भावाची सहा वर्षांची मुलगी त्यांनी १८८७ साली आपल्या घरी आणली आणि तिला मुलीसारखे वाढवले.

आता ती प्रसिद्ध संध्याकाळ. ८ नोव्हेंबर १८९५, शुक्रवार. रोंटजेन पन्नास वर्षांचा. हवा काढून टाकलेल्या काचेच्या नळीतून विजेचा उच्च दाब सोडला की कॅथोड किरण निघतात, हे तेव्हा सगळ्या युरोपला ठाऊक होते आणि अनेक प्रयोगशाळांत त्यावर काम चालू होते. रोंटजेनने नळीला काळा पुठ्ठा घट्ट गुंडाळला, खोलीत अंधार केला आणि प्रकाश कुठून गळतो का ते पाहिले. गळत नव्हता. पण थोड्या अंतरावर बाकावर पडलेला, बेरियम प्लॅटिनोसायनाइड लावलेला एक पडदा मात्र मंद चमकत होता. कॅथोड किरण हवेत काही सेंटिमीटरच जातात. मग तिथवर काय पोहोचले?

नळ्या पुष्कळांकडे होत्या. बाजूला ठेवलेल्या फोटोग्राफीच्या काचा आपोआप काळ्या पडतात, अशी तक्रारही काही प्रयोगशाळांत होत असे. काचा खराब निघाल्या म्हणायचे आणि लांब ठेवायच्या, की झाले. रोंटजेनने तसे केले नाही. आणि त्याने लगेच गाजावाजाही केला नाही. पुढचे जवळजवळ सात आठवडे तो प्रयोगशाळेतच जेवला, तिथेच झोपला. नळी आणि पडदा यांच्यामध्ये त्याने एकेक वस्तू धरून पाहिली. जाडजूड पुस्तक, पत्त्यांचा जोड, लाकूड, रबर, अॅल्युमिनियम, काच. किरण आरपार. शिसे धरले तेव्हा अडले. आणि शिसे धरताना पडद्यावर स्वतःच्या हाताची हाडे दिसली! कुणाला सांगितले असते तर वेड्यात काढले असते. म्हणून आपण चुकत तर नाही ना, हे तो पुन्हापुन्हा तपासत राहिला. किरणांचे स्वरूप माहीत नव्हते, तर त्याने सरळ बीजगणितातल्या अज्ञात राशीचे नाव दिले, एक्स. आपण मराठीत क्ष म्हणतो.

२२ डिसेंबरला त्याने बर्थाचा हात फोटोग्राफीच्या काचेवर ठेवला आणि सुमारे पंधरा मिनिटे किरण सोडले. बोटांची हाडे आणि त्यात अडकलेली अंगठी. आपलाच सांगाडा बघून बाई घाबरल्या, मरण दिसल्यासारखे वाटले त्यांना, असे सांगतात. २८ डिसेंबरला त्याने आपला निबंध वुर्झबर्गच्या संस्थेकडे दिला.

इथे रोंटजेनला थोडा वेळ वुर्झबर्गमध्ये सोडून परत मसोलीला येऊ या. कारण ते सात आठवडे मला खऱ्या अर्थाने समजले ते ताईच्या आजारात.

चप्पल निसटली त्याला आधीच दोन-अडीच महिने झाले होते पाठ दुखायला लागून. तोवर गोळ्या, मलम, शेक असे सगळे चालू होते. कंबरदुखी आहे, वजन उचलू नका, असे एका ठिकाणी सांगितले. शिर दबली असेल, असे दुसऱ्या ठिकाणी. आता ताईला छातीखालपासून पायापर्यंत बधिरपणा होता आणि चालताना पाय अडखळत होते. मग वापीला नेऊन एमआरआय काढला. रिपोर्टमध्ये आले की पाठीच्या मधल्या मणक्यांजवळ गाठी आहेत, कण्याच्या नळीतही आहेत, आणि मज्जारज्जू दाबला जातोय. टीबी किंवा कॅन्सर असू शकतो, तुकडा काढून तपासावा. आमच्या घरात त्या रात्री कुणी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या लोकलने आम्ही तिला मुंबईला नेले. तिथल्या रक्तरोगाच्या वयस्क डॉक्टरांनी एमआरआय बाजूला ठेवला आणि आधी ताईची जुनी फाइल मागितली. सगळी. बाबांनी पिशवी उलटी केली. त्यात पाच वर्षांपूर्वी न्यूमोनिया झाला होता तेव्हाचा छातीचा साधा एक्स-रे होता. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि आम्हाला बोट ठेवून दाखवले. हृदयाच्या सावलीमागे, कण्याला लागून, गुळगुळीत कडांची एक फुगीर सावली. बरगड्या नेहमीपेक्षा रुंद. म्हणजे गाठ पाच वर्षांपूर्वीही होती, लहान होती, आणि कुणाच्या नजरेत भरली नव्हती.

त्यांनी जे समजावले ते माझ्या शब्दांत सांगतो. आपले रक्त हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोमध्ये तयार होते. थॅलेसेमियात हिमोग्लोबिनच्या साखळ्यांचे प्रमाण बिघडलेले असते, त्यामुळे तांबड्या पेशी बहुतेक मॅरोतच तयार होता होता मरतात. शरीराला वाटते रक्त कमी पडतेय, अजून बनवा. मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सुटते आणि मॅरो वाढतच जातो. हाडात जागा पुरेना की रक्त बनवणारा हा कारखाना हाडाबाहेर शेड टाकतो! यकृतात, प्लीहेत, आणि काही जणांत कण्याच्या दोन्ही बाजूंना. ज्यांना मेजर प्रकार असतो त्यांना दर तीन-चार आठवड्यांनी रक्त द्यावेच लागते, त्यामुळे मॅरोवरचा ताण कमी होतो. पण ताईसारखे इंटरमीडियावाले कमी हिमोग्लोबिनवर वर्षानुवर्षे रक्ताशिवाय काढतात, म्हणून अशा गाठी त्यांच्यात जास्त आढळतात. आम्ही ज्याला निर्धास्तपणा समजत होतो, तेच गाठीचे कारण होते. छातीच्या मागच्या भागात कण्याची नळी अरुंद असते. तिथे गाठ आत शिरली की मज्जारज्जूला सरकायला जागाच उरत नाही.

मग एमआरआय परत बघितला. टीबी बहुधा दोन मणक्यांमधली चकती आणि हाड खातो. ताईच्या चकत्या शाबूत होत्या. गाठी एक नव्हे, अनेक होत्या, दोन्ही बाजूंना, गुळगुळीत. आणि चित्रात त्यांचा रंग मणक्यातल्या मॅरोच्या रंगाशी मिळताजुळता. आजार ठाऊक, चित्र असे, जुना एक्स-रे असा. तिन्ही गोष्टी जुळल्यावर तुकडा काढायची गरज नाही, असे त्यांचे मत पडले. ही गाठ म्हणजे रक्ताने भरलेला स्पंजच. सुई घातली आणि रक्तस्राव झाला तर दबलेला मज्जारज्जू आणखी दबेल.

दिसले ते टाकून द्यायचे नाही, आणि तपासल्याशिवाय बोलायचे नाही. सात आठवडे रोंटजेनने हेच केले होते. डॉक्टरांनी ते अर्ध्या तासात केले, कारण मधल्या सव्वाशे वर्षांत बघण्याची साधने हाताशी आली होती. इथे प्रामाणिकपणे सांगायला हवे की एमआरआय क्ष-किरणांवर चालत नाही; ते चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओ लहरींचे काम. पण खिडकीत धरलेली ती पहिली सावली मात्र रोंटजेनची होती.

आता परत वुर्झबर्ग. १८९६ च्या जानेवारीत त्याने निबंधाच्या प्रती आणि फोटो काही शास्त्रज्ञांना पाठवले, आणि काही दिवसांतच बातमी जगभर झाली. १३ जानेवारीला बर्लिनला कैसरसमोर प्रात्यक्षिक झाले. २३ जानेवारीला वुर्झबर्गच्या सभागृहात व्याख्यान झाले, तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावरचे शरीरशास्त्रज्ञ कोलिकर पुढे आले आणि सर्वांसमोर त्यांच्या हाताचा फोटो घेतला गेला. या किरणांना रोंटजेनचेच नाव द्यावे असे कोलिकरांनी सुचवले, सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. पण रोंटजेन स्वतः आयुष्यभर एक्स हेच नाव वापरत राहिला. मोडलेली हाडे, शरीरात रुतलेल्या गोळ्या आणि सुया शोधायला त्याच वर्षी डॉक्टरांनी हे किरण वापरायला घेतले. मेकॅनिकलवाल्यांसाठी आणखी एक माहिती. पहिल्याच निबंधात धातूच्या तुकड्यातला आतला दोष किरणांनी दिसतो, हेही त्याने नोंदवले होते. आपण एनडीटीमध्ये वेल्डिंग जॉइंटची रेडिओग्राफी शिकतो, तिचे मूळ हे.

या शोधाचे पेटंट घेतले असते तर रोंटजेन गडगंज श्रीमंत झाला असता. कारखानदारांच्या विचारणा आल्याही होत्या. त्याने पेटंट घेतले नाही. युनिव्हर्सिटीतल्या संशोधकाचे शोध सगळ्यांचे असतात, एका कंपनीच्या करारात ते अडकवायचे नाहीत, अशी त्याची भूमिका होती. १९०१ साली फिजिक्सचे पहिलेवहिले नोबेल त्याला मिळाले. तो स्टॉकहोमला गेला, पारितोषिक घेतले, पण नोबेलचे व्याख्यान दिलेच नाही. बक्षिसाची रक्कम त्याने वुर्झबर्ग युनिव्हर्सिटीला देऊन टाकली, जिने पूर्वी दाखला नाही म्हणून दार लावले होते. नावापुढे लावायला सरदारकीची पदवी देऊ केली होती, तीही नाकारली. क्ष-किरणांवर त्याने एकूण तीनच निबंध लिहिले. माणूस भिडस्त, गर्दीत अवघडणारा. सुट्टी मिळाली की डोंगरात फिरायला जाणारा.

पण या किरणांची दुसरी बाजूही लवकरच कळली. सुरुवातीला लोक नळीसमोर बेधडक हात धरून उभे राहत. त्यांची कातडी भाजू लागली, केस गळू लागले. एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली १९०४ साली या किरणांच्या इजेनेच मेला. रोंटजेनने फोटोच्या काचा खराब होऊ नयेत म्हणून शिसे लावलेल्या जस्ताच्या खोक्यात बसून काम केले होते, त्यामुळे तो बचावला असे मानतात. जे किरण निरोगी पेशी मारतात, ते नको असलेल्या पेशीही मारतील, हा विचार डॉक्टरांना पहिल्याच वर्षी सुचला. व्हिएन्नात १८९६ सालीच उपचारासाठी ते वापरले गेले. १९०६ साली बर्गोनिये आणि त्रिबोंदो या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी नियम मांडला की जी पेशी भराभर विभागते आणि अजून पुरती घडलेली नसते, तिच्यावर किरणांचा परिणाम सर्वांत जास्त.

आता सांगा, शरीरात भराभर विभागणारे, अर्धवट घडलेल्या पेशींनी भरलेले काय असते? रक्त बनवणारा मॅरो! म्हणजे ताईच्या पाठीतली गाठ.

ताईचे उपचार असे झाले. आधी मज्जारज्जूची सूज उतरवायला स्टिरॉइड. लगेच रक्ताच्या पिशव्या, हिमोग्लोबिन दहाच्या वर नेण्यासाठी. रक्त पुरेसे आहे असा निरोप शरीराला मिळाला की एरिथ्रोपोएटिन कमी होते आणि बाहेरच्या शेडचे काम थंडावते. आणि तिसरे, रेडिओथेरपी. ऑपरेशनचा पर्यायही तयार ठेवला होता. पायांची शक्ती एकदम ढासळली असती तर मणक्याचे मागचे हाड काढून जागा करावी लागली असती. पण गाठी अनेक मणक्यांवर पसरलेल्या, त्यातून रक्तस्रावाची भीती. त्यामुळे आधी किरणे.

दहा दिवस, रोज २ ग्रे, एकूण २० ग्रे. कॅन्सरच्या टणक गाठींना ६० ते ७० ग्रेपर्यंत डोस लागतो, हिला तेवढा लागत नाही. एक ग्रे म्हणजे किलोमागे एक ज्यूल. मी विरारला मामाच्या घरी बसून गणित केले. २० ज्यूल प्रतिकिलोने पाण्याचे तापमान ०.००५ अंश सेल्सिअससुद्धा वाढणार नाही! म्हणजे हे भाजणे नाहीच. किरण पेशीतल्या डीएनएचे धागे तोडतात, आणि विभागू पाहणारी पेशी तिथेच संपते.

ते यंत्र लिनिअर अॅक्सिलरेटर. मायक्रोवेव्हच्या जोरावर इलेक्ट्रॉनना सुमारे ६० लाख व्होल्टच्या तोडीची ऊर्जा देतात आणि टंगस्टनवर आदळवतात. तिथून क्ष-किरण निघतात. रोंटजेनच्या नळीत इलेक्ट्रॉन काचेच्या भिंतीवर आदळत होते. तत्त्व तेच, फक्त व्होल्टेज वाढले आणि नेम सुधारला. ताई एकटी आत, आम्ही जाड काँक्रीटच्या भिंतीबाहेर. रोज काही मिनिटांचे काम. ती म्हणायची काहीच कळत नाही, नुसता आवाज येतो.

पाचव्या-सहाव्या दिवशी ताईने मामीला सांगितले की फरशी गार लागतेय. मामी खिडकी लावायला उठली. मी मात्र जागच्या जागी बसून राहिलो. तीन महिन्यांत ताईच्या पायाला गार-गरम कळले नव्हते.

दीड महिन्याने ती काठी घेऊन चालली, चौथ्या महिन्यात काठीशिवाय. उजवा पाय अजून थोडा ताठर आहे. गाठी आकसल्या, पण पुरत्या नाहीशा झाल्या नाहीत. त्या पुन्हा वाढू शकतात, म्हणून ठरावीक काळाने एमआरआय करावा लागतो. हायड्रॉक्सियुरियाची गोळी चालू आहे, तिने गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन काही प्रमाणात पुन्हा तयार होऊ लागते. आता नियमित रक्त घेते, आणि रक्तातून साठणारे लोह बाहेर काढायची गोळीही रोज. हे सगळे कटकटीचे आहे. पण ती स्वतःच्या पायांनी स्टेशनवर जाते.

रोंटजेनचे शेवटचे दिवस मात्र सुखाचे गेले नाहीत. १९०० साली तो म्युनिकला गेला होता, तिथेच राहिला. पहिले महायुद्ध आले. ज्या किरणांनी युद्धातल्या असंख्य जखमींच्या अंगातल्या गोळ्या सापडत होत्या, त्यांचा जनक घरी आजारी बायकोची सेवा करत होता. बर्था दीर्घकाळ दुखण्याने त्रस्त होती आणि तोच तिला वेदनाशामक इंजेक्शने देत असे. १९१९ साली ती गेली. युद्धानंतरच्या भयंकर महागाईने जर्मनीतल्या सर्वसामान्य लोकांप्रमाणे त्याचीही पुंजी खाऊन टाकली. पेटंटचा पैसा असता तर? पण त्याने पश्चात्ताप केल्याचे कुठे वाचनात आले नाही. १० फेब्रुवारी १९२३ रोजी आतड्याच्या कॅन्सरने तो म्युनिकला वारला. आपली खाजगी पत्रे आणि शास्त्रीय कागदपत्रे जाळून टाकावीत असे त्याने लिहून ठेवले होते, आणि बरीचशी जाळलीही गेली. २००४ साली १११ व्या मूलद्रव्याला रोंटजेनियम हे नाव अधिकृतपणे मिळाले.

ताईची ट्रीटमेंट संपल्यावर डॉक्टरांनी माझ्याही रक्ताची एचपीएलसी तपासणी करवली. मी थॅलेसेमिया मायनर निघालो. म्हणजे मला काहीही त्रास नाही, पुढेही होणार नाही. पण माझी होणारी बायकोही मायनर असली तर प्रत्येक वेळी मुलाला मोठा आजार होण्याची शक्यता २५ टक्के. भारतात सुमारे ३ ते ४ टक्के लोक असे वाहक आहेत. आपल्या कॉलेजच्या संख्येवर हा टक्का लावून बघा, किती जण निघतील! बहुतेकांना माहीतच नसणार. तपासणी एकदाच करायची असते. लग्न ठरवताना आपल्याकडे पत्रिका आवर्जून बघतात, तिच्या शेजारी हा एक कागद ठेवायला काय हरकत आहे?

जाता जाता एक. ज्यांची केटी राहिली आहे, ज्यांना कुठल्या तरी दाखल्यासाठी ऑफिसच्या खिडकीवरून परत पाठवले आहे, त्यांनी वुर्झबर्ग लक्षात ठेवा. आणि प्रॅक्टिकलला रीडिंग चुकीचे आले की आपण शेजाऱ्याची जर्नल उघडून बरोबरचे रीडिंग टाकतो ना? मीही टाकायचो. आता टाकत नाही. आधी ते रीडिंग तसे का आले, ते बघतो. बहुतेक वेळा कनेक्शनच लूज असते, हे कबूल. पण एखाद्या वेळी नसेलही.

मसोलीच्या आमच्या घरात तो जुना एक्स-रे बाबांनी अजून जपून ठेवला आहे. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, सातबाराच्या फाइलशेजारी.